ढिगात नेमके आहे तरी काय?

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने ग्रामसभेपुढे ठेवायचा एक अर्ज लिहून आणला आणि "मामाजी, एकदा नजर फिरवून द्या," म्हणून तो माझ्या हाती दिला. अर्जाचा विषय होता, 'गावालगतच्या जुन्या मॅंगनीज ढिगाचा बॅटरीनिर्मिती व कार्बन शोषण यांसाठी वापर होणेबाबत'. अक्षर सुबक होते, तळाशी चाळीसेक सह्यांसाठी रकाने आखलेले होते आणि मधल्या परिच्छेदात असे लिहिले होते की हा ढीग बॅटरीला लागणारे खनिज पोटात बाळगून आहे, शिवाय तो हवेतला कार्बन डायऑक्साइडही शोषून घेतो, म्हणून गावाला दुहेरी उत्पन्न मिळावे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे लाल पेन माझ्या हातात आपोआप येते. वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाला मी हात लावला नाही. दुसऱ्या अर्ध्याखाली मात्र रेघ ओढली. त्या रेघेवरून आमचे तीन संध्याकाळी जे बोलणे झाले ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण खाणीचे टाकाऊ खनिज, ऊर्जासाठा आणि कार्बन हे तीन शब्द हल्ली एका दमात उच्चारले जातात आणि ते ऐकून हरखून जाणारी आमच्यासारखी गावे विदर्भात पुष्कळ आहेत.

आमचे गाव भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, तुमसर रोड स्थानकावरून तिरोडीला जाणाऱ्या रेल्वे फाट्याच्या पट्ट्यात आहे. गोबरवाही, चिखला, डोंगरी बुजुर्ग ही या पट्ट्यातली नावे ज्यांना ठाऊक आहेत त्यांना मॅंगनीज म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. सेंट्रल प्रोव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी १८९६ साली स्थापन झाली, पुढे तीच सेंट्रल प्रोव्हिन्सेस मॅंगनीज ओअर कंपनी म्हणून ओळखली गेली. १९६२ साली तिच्या खाणींसाठी सरकारची भागीदारी असलेली मॉइल ही कंपनी निघाली आणि १९७७ साली उरलेला हिस्साही केंद्र सरकारने घेतला. एवढा इतिहास पुरे. मला अधिक मोलाची वाटते ती एल. एल. फर्मर या भूवैज्ञानिकाने १९०९ साली प्रसिद्ध केलेली भारतातील मॅंगनीजची मोठी पाहणी, कारण आमच्याकडच्या एका खडकाला त्याने दिलेले 'गोंडाइट' हे नाव येथल्या गोंड समाजावरून घेतलेले आहे. स्पेसार्टाइन नावाचा मॅंगनीजयुक्त गार्नेट आणि गारगोटी यांचा तो खडक ढिगात जागोजाग सापडतो. तांबूस-नारिंगी बारीक दाणे उन्हात चमकतात आणि लहान मुले ते 'माणिक' म्हणून खिशात भरतात.

हा ढीग एका दिवसात झाला नाही आणि एका प्रकारच्या मालाचाही नाही. इंग्रजांच्या काळात खनिज जहाजाने परदेशी जात असे; इतक्या लांबचे भाडे परवडण्यासाठी फक्त उंची, जाड, काळ्याभोर डल्ल्यांचीच निवड होई आणि बाकी सारे बाजूला फेकले जाई. माझी आजी या वेचणीच्या कामावर होती. लहानशा हातोडीने डल्ला फोडायचा, काळा भाग एका टोपलीत आणि दगडाचा भाग मागे टाकायचा, असे ते काम. तिच्या बोटांच्या पेरांवरचा काळेपणा राखेने घासूनही जात नसे. फेकलेल्या त्या दगडातही काळा अंश चिकटलेला असे, भुकटी तर कोणी उचलतच नसे. म्हणजे आज ज्याला आपण कचरा म्हणतो, त्यातला बराचसा भाग त्या वेळच्या भावाला आणि भट्टीच्या गरजेला न परवडलेला माल आहे. मधल्या काळात जुने ढीग जिगिंग यंत्रांवर घेऊन, पाण्याच्या हेलकाव्याने जड कण वेगळे करून पुन्हा माल काढण्याचे कामही ठिकठिकाणी झाले. तरी बारीक भुकटी आणि मिश्र दगड शिल्लक राहिलाच.

पहिल्या संध्याकाळी मी भाच्याला औषधांच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणायला लावली, जखम धुवायला वापरतात तीच. ढिगाच्या निरनिराळ्या बाजूंनी आणलेले नऊ दगड अंगणात ओळीने मांडले आणि प्रत्येकावर चार-चार थेंब सोडले. पहिल्या दोन दगडांवर थेंब पडताच सर्रकन फेस उसळला, जणू कोणी उतू जाणारे दूध थेंबात बसवले आहे. तिसऱ्यावर मंद बुडबुडे आले. गोंडाइटच्या तुकड्यांवर थेंब तसाच चमकत बसून राहिला. मॅंगनीज डायऑक्साइड पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन झपाट्याने मोकळा करतो आणि स्वतः मात्र खर्ची पडत नाही, म्हणून फेस म्हणजे मॅंगनीज डायऑक्साइडच्या हजेरीची खूण. गार्नेटमधले मॅंगनीज सिलिकेटच्या जाळ्यात घट्ट अडकलेले असते, ते अशा थेंबाला दाद देत नाही. प्रयोगशाळेच्या पृथक्करणाची बरोबरी हे करू शकत नाही, टक्केवारी तर मुळीच सांगत नाही, पण ढीग एकजिनसी नाही हे मुलाच्या डोळ्यांना एका मिनिटात कळते. नऊ दगडांपैकी चारांवर चांगला फेस, दोनांवर थोडा, तीन गप्प, अशी नोंद त्याने वहीत केली. ढिगाच्या प्रत्येक टनात सारखाच माल आहे असे गृहीत धरून त्याने अर्जात जो हिशेब मांडला होता तो त्याच रात्री त्याने स्वतःच खोडला.

बॅटरीशी आमच्या मॅंगनीजचे नाते मात्र खरे आणि जुने आहे, त्याबद्दल मला शंका नाही. १८६६ साली लक्लांशे यांनी जो विद्युतघट बनवला, त्यात जस्त, नवसागर आणि मॅंगनीज डायऑक्साइड होते, आणि आपण ज्याला 'सेल' म्हणतो तो याच घटाचा वंशज. आमच्या लहानपणी घरात रेडिओ होता आणि रात्री बांधीवर, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतावर, पाणी पाहायला जाताना तीन सेलची बॅटरी लागे. सेल उतरले की आजी ते दुपारभर उन्हात ठेवी, मग एखाद-दोन रात्री ते पुन्हा मिणमिणते होत. शेवटी ते फोडायचे हा आम्हा पोरांचा हक्क होता. वरचे पत्र्याचे आणि कागदाचे आवरण सोलले की जस्ताचा डबा, आत दाबून भरलेली ओलसर काळी पूड आणि मधोमध कोळशाची दांडी. दांडीने भिंतीवर अक्षरे काढायची आणि काळी पूड उकिरड्यात फेकायची. ती पूड बहुतांशी मॅंगनीज डायऑक्साइडच होती. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून सेल उद्योगाला लागणारे डायऑक्साइड खनिज निघते. आमच्या दारात फोडलेल्या सेलातली पूड दोन कोसांवरून निघून कुठल्या तरी कारखान्याला वळसा घालून परत आली असण्याचा चांगलाच संभव आहे.

नैसर्गिक खनिज थेट दळून सेलात भरणे आणि ते आधी विरघळवून विजेच्या साहाय्याने पुन्हा शुद्ध जमवणे, यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या पद्धतीने मिळणाऱ्या पदार्थाला इलेक्ट्रोलिटिक मॅंगनीज डायऑक्साइड म्हणतात, आणि मॉइलचा असा कारखाना डोंगरी बुजुर्गलाच आहे, हे आमच्या तालुक्यातल्या पुष्कळ पदवीधरांनाही ठाऊक नसते. पद्धत थोडक्यात सांगतो, कारण ढिगाचे भवितव्य तिच्यावर ठरते. मॅंगनीज डायऑक्साइड गंधकाम्लात सहज विरघळत नाही; म्हणून खनिज दळून, कोळशासारख्या पदार्थाबरोबर तापवून आधी त्यातला थोडा ऑक्सिजन काढून घेतात. त्यानंतर ते आम्लात विरघळते. द्रावणात मॅंगनीजबरोबर लोह, निकेल, कोबाल्ट, पोटॅशियम अशी मंडळीही उतरतात. आम्लता काळजीपूर्वक कमी करून लोह खाली बसवतात, निकेल-कोबाल्टसारखे धातू सल्फाइडच्या रूपात काढतात, आणि नव्वद अंशांच्या वर तापवलेल्या स्वच्छ द्रावणातून वीज सोडली की टायटॅनियमच्या पट्ट्यांवर काळा थर जमत जातो. तो थर खरवडून, धुऊन, दळून विकतात. हीच वाट शेवटच्या पायरीऐवजी स्फटिक जमवण्याकडे वळवली तर मॅंगनीज सल्फेट मिळते, आणि लिथियम बॅटरीच्या धन टोकाला लागणारे मॅंगनीज बहुतेक याच अतिशुद्ध सल्फेटच्या रूपात विकत घेतले जाते. या शुद्धीकरणाचा जगातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग आज चीनमध्ये आहे. खनिज आपल्याकडे आहे, भट्टीही आहे. उणीव आहे ती या मधल्या शुद्धीकरणाची.

येथे ढिगाच्या बाजूने एक मुद्दा आहे आणि तो सहसा कोणी मांडत नाही. जगात निघणाऱ्या मॅंगनीजपैकी सुमारे नव्वद टक्के पोलादाला लागते आणि फेरोमॅंगनीजच्या, म्हणजे पोलादात घालायच्या लोह-मॅंगनीज मिश्रधातूच्या, भट्टीला डल्ले हवे असतात. भुकटीने भट्टीतला वायूचा मार्ग कोंदतो, सिलिका आणि फॉस्फरस वाढले की भाव पडतो. या निकषांवर आमचा ढीग नापास झाला म्हणूनच तो ढीग झाला. आम्लात विरघळवायचे असेल तर मात्र निकष उलटतात. तेथे माल नाही तरी दळावाच लागतो, म्हणून भुकटी असणे ही सोयच. सिलिका आम्लात फारशी विरघळत नाही, ती गाळात राहते. फॉस्फरसची अडचण पोलादाइतकी राहत नाही. नव्या अडचणी येतात त्या वेगळ्या: चुन्याचा अंश असेल तर तो आम्ल पिऊन टाकतो आणि जिप्समचा चिखल करतो, लोह जास्त असेल तर शुद्धीकरणाचा खर्च वाढतो, आणि गार्नेटमधले मॅंगनीज हाती लागतच नाही. म्हणजे पृथक्करणात केवळ 'मॅंगनीज अमुक टक्के' एवढा आकडा उपयोगाचा नाही. त्यातले किती ऑक्साइडच्या रूपात आहे आणि किती सिलिकेटमध्ये कोंडलेले आहे, हे कळले पाहिजे. आमच्या अंगणातल्या फेसाने तोच प्रश्न कच्च्या स्वरूपात विचारला होता.

दुसऱ्या संध्याकाळी भाच्याने कागदावर हिशेब मांडायचे ठरवले आणि मी आडकाठी केली नाही, फक्त प्रत्येक ओळीच्या आधी 'धरून चालू' असे लिहायला लावले. धरून चालू की ढिगात एक लाख टन माल आहे, त्यात पंधरा टक्के मॅंगनीज आहे आणि त्यातले सत्तर टक्के हाती येते. म्हणजे १०,५०० टन मॅंगनीज. मॅंगनीज सल्फेटच्या स्फटिकात धातूचा वाटा सुमारे ३२.५ टक्के, म्हणून सल्फेट झाले साधारण ३२,००० टन. लिथियम मॅंगनीज ऑक्साइड वापरणाऱ्या बॅटरीत एक युनिट वीज साठवायला सुमारे दीड किलो मॅंगनीज लागते; त्या हिशेबाने ७० लाख युनिट साठवण्याची क्षमता. आकडा बघून त्याचा चेहरा उजळला. मग मी त्याला उरलेली बाजू मांडायला सांगितली. एक लाख टनातून साडेदहा हजार टन धातू गेला, तर जवळजवळ नव्वद हजार टन माती-सिलिका मागे राहिली, तीही पूर्वीसारखी कोरडी नाही, आम्लातून निघालेली, ओली, जिप्सम आणि लोहाच्या गाळासह. हा गाळ तळाला अस्तर घातलेल्या तळ्यातच ठेवावा लागतो, कारण पावसाळ्यात आमच्या पट्ट्यातले पाणी बोड्या (लहान तळी) आणि मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावांतून खाली बावनथडी नदीकडे धावते. कोरड्या ढिगाच्या शेजारी तीन पिढ्या राहिल्या. ओल्या गाळाच्या शेजारी राहण्याची अट आधी वाचून घ्यावी, एवढेच माझे म्हणणे.

मॅंगनीजवाल्या बॅटरीबद्दलही एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. निव्वळ मॅंगनीजवर उभी असलेली लिथियम बॅटरी स्वस्त आणि तुलनेने सुरक्षित असली तरी उष्णतेत तिच्यातले मॅंगनीज हळूहळू द्रावणात उतरते आणि तिची क्षमता घटत जाते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या वस्तूचे काय होते हे आपल्याला विदर्भात कोणी सांगायला नको. म्हणून हल्ली निकेल-कोबाल्टबरोबर किंवा लोह-फॉस्फेटबरोबर मॅंगनीज मिसळतात, सोडियमच्या बॅटरीतही त्याला स्थान आहे. खनिजाची गरज यातून कमी होत नाही, पण कोणत्या बॅटरीत किती याचा हिशेब बदलतो. जाता जाता एक टोचणीही नोंदवतो: केंद्र सरकारने २०२३ साली ३० अत्यावश्यक खनिजांची यादी जाहीर केली, तिच्यात मॅंगनीज नाही. २०२५ च्या जानेवारीत मंजूर झालेल्या राष्ट्रीय अभियानात खाणींचा मलबा, गाळ आणि राख यांतून अशी खनिजे मिळवण्याचा उल्लेख आहे आणि प्रायोगिक प्रकल्पांसाठी १०० कोटींची तरतूदही आहे. पण यादीच्या चौकटीत पाहिले तर आमचा ढीग दाराबाहेरच उभा राहतो. देशात मुबलक म्हणून मॅंगनीज वगळले असेल, तर त्या मुबलक मालाचे शुद्धीकरण बाहेर होते ही गोष्ट कोणत्या यादीत बसते, असे भाच्याने विचारले. प्रश्न चांगला होता.

आता रेघ ओढलेल्या अर्ध्या वाक्याकडे येतो. खडक कार्बन डायऑक्साइड बांधून ठेवतात हे शंभर टक्के खरे आहे, पण सगळे खडक नव्हे. त्यासाठी सिलिकेटमध्ये मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम भरपूर हवे. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सौम्य आम्ल होतो, ते आम्ल खडकातले मॅग्नेशियम-कॅल्शियम मोकळे करते आणि त्यांच्याशी जुळून कार्बोनेट, म्हणजे एका अर्थी पुन्हा दगडच, तयार होतो. ऑलिव्हिन या हिरवट खनिजाचा मॅग्नेशियमवाला प्रकार घेतला तर एक टन खनिज कागदावर सुमारे ०.६२ टन कार्बन डायऑक्साइड बांधते. सर्पेंटाइन हे मॅग्नेशियमचेच दुसरे खनिज सुमारे ०.४७ टन. मॅंगनीज आणि मॅग्नेशियम ही नावे कानाला जुळी वाटतात आणि भाच्याचा घोटाळा तेथेच झाला होता; वहीतल्या टिपणात त्याने एकदा 'मॅंगनेशियम' असेही लिहिले होते. मॅंगनीज डायऑक्साइड कार्बन डायऑक्साइडला बांधत नाही. गोंडाइटमधला गार्नेट इतक्या सावकाश झिजतो की त्याच्या भरवशावर ग्रामसभेने ठराव करू नये. उलट, मघाशी सांगितलेल्या पद्धतीत कोळशाबरोबर खनिज तापवताना कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडतो.

खाणीचा कचरा खरोखर कार्बन शोषतो याचे मला आवडणारे उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातील माउंट कीथ या निकेल खाणीचे आहे. तेथला गाळ सर्पेंटाइनने भरलेला आहे आणि कोणी काही न करताही तो वर्षाला सुमारे ४०,००० टन कार्बन डायऑक्साइड हवेतून खेचून पांढऱ्या कार्बोनेटच्या रूपात बांधतो, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत दिसले. हे प्रमाण त्या खाणीच्या स्वतःच्या उत्सर्जनाच्या साधारण ११ टक्के होते. दोन्ही आकडे एकत्र वाचावेत म्हणून मी ते एकत्र सांगतो. पहिला ऐकून टाळी वाजवणारा दुसरा ऐकून थांबतो. आपल्याकडे त्या जातीचा खडक शोधायचा तर आमच्याच जिल्ह्यात पवनीकडे आणि नागपूर जिल्ह्यात टाका येथे बघावे लागेल, कारण तेथे क्रोमाइट हे क्रोमियमचे खनिज आहे आणि क्रोमाइट मॅग्नेशियमने समृद्ध अशा खडकांच्या सोबतीने येते. मात्र त्या खडकात क्रोमियम आणि निकेलही असतात. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइट खाणींमुळे पाण्यात घातक क्रोमियम उतरण्याचा प्रश्न निर्माण झाला, हे ठाऊक असताना असा खडक दळून शेतात पसरा म्हणणे अविचाराचे होईल. बंदिस्त ठिकाणी, पाण्यावर नजर ठेवून केलेले काम वेगळे.

चंद्रपूरच्या बाजूचे लोक या ठिकाणी राखेचे नाव घेतात. २,९२० मेगावॉटच्या वीजकेंद्राची राख थोडीथोडकी नाही, पण आपल्या कोळशाच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना जास्त, चुना कमी; तिची वीट होते, सिमेंट होते, कार्बन बांधण्यात ती फारशी कामाची नाही. पोलादाच्या भट्टीतली चुनायुक्त मळी (स्लॅग) त्या कामी अधिक उजवी.

कार्बनच्या बाबतीत विदर्भाचा खरा साठा खाणीच्या ढिगात नसून गिट्टीच्या क्रशरवर आहे, असे माझे मत झाले आहे. नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला अमरावती, अकोला, बुलढाण्यापर्यंत पसरलेला काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम दोन्ही आहेत. आइसलंडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ साली पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीखालच्या बेसाल्टमध्ये सोडला आणि दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्के दगड होऊन बसला. हे झाले जमिनीखालचे. जमिनीवर, क्रशरची बारीक चुरी शेतात पसरून पावसाच्या पाण्याकडून तेच काम करवून घेण्याचा उद्योग शेजारच्या छत्तीसगडमधल्या धानाच्या शेतांत चालू आहे. तो करणाऱ्या माती कार्बन या संस्थेला २०२५ साली कार्बन काढण्याच्या जागतिक स्पर्धेत पाच कोटी डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले. एक टन बेसाल्ट पूर्ण झिजला तर, पाण्यात विरघळून वाहून जाणारा बायकार्बोनेटही मोजला तर, कागदावर सुमारे ०.३ टन कार्बन डायऑक्साइड अडकतो. 'पूर्ण झिजला तर' या शब्दांत अनेक वर्षे दडलेली आहेत.

आणि येथे भूगोलाने आपली थट्टा केली आहे. चुरी आहे पश्चिमेला, जेथे काळी कसदार जमीन त्याच बेसाल्टची बनलेली आहे, चुनखडीने भरलेली आणि विम्लधर्मी. तेथे आणखी बेसाल्ट टाकला तर तो सावकाश झिजेल आणि जमिनीला त्याची फारशी गरजही नाही. गरज आहे ती पूर्वेला, आमच्या मोरांड, सिहार आणि खरडी जमिनींना, ज्या नाईस आणि शिस्ट खडकांवर घडल्या, जेथे बांधीत चार महिने पाणी उभे असते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन जाते. मधले अंतर दीडशे किलोमीटर धरले आणि ट्रकचे उत्सर्जन टनामागे दर किलोमीटरला ढोबळमानाने १०० ग्रॅम धरले, तर नुसत्या वाहतुकीत टनामागे १५ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तीनशे किलोच्या कागदी लाभापुढे तो लहान आहे, पण पहिल्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष बांधला जाणारा वायू त्या तीनशेचा लहानसा हिस्साच असतो, आणि कार्बन क्रेडिट, म्हणजे बांधलेल्या कार्बनचे प्रमाणपत्र, विकणारा माणूस सगळा हिशेब पहिल्याच वर्षाच्या पत्रकात दाखवू लागला तर शेतकऱ्याने ट्रकची पावती मागावी.

खाणीच्या ढिगातली भुकटी मात्र बांधीत जाऊ देऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या पांदण रस्त्यावर ढिगातला मुरूम टाकला गेला. टाकणाऱ्याचा हेतू चांगला होता, चिखल थांबला, बैलगाड्या जाऊ लागल्या. पहिल्याच मोठ्या पावसात त्यातला बारीक काळा गाळ वाहून माझ्या सगळ्यात खालच्या बांधीत उतरला. पाणी आटल्यावर त्याचा कडक पापुद्रा धरला आणि त्या कोपऱ्यात टाकलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, निम्मेही वर आले नाहीत. रोवणीच्या वेळी मला शेजाऱ्याकडून पऱ्हे मागावे लागले. पाणी साचलेल्या मातीत ऑक्सिजन संपला की मॅंगनीज डायऑक्साइड विरघळणाऱ्या रूपात बदलते आणि पाण्यातून हलू लागते. उन्हाळ्यात हीच भुकटी वाऱ्याने उडते, आणि मॅंगनीजची धूळ वर्षानुवर्षे छातीत जाणे मज्जासंस्थेला अपाय करते, हात कापू लागतात, चाल अडखळते. जुन्या ढिगावर झाडे लावून तो बांधून टाकणे हाही त्याचा एक उपयोग आहे, आणि जोपर्यंत मालाचे नक्की होत नाही तोपर्यंत तोच सगळ्यात स्वस्त उपयोग आहे.

तिसऱ्या संध्याकाळी आम्ही मालकीकडे वळलो. ढीग गावालगत आहे म्हणून तो गावाचा, असे भाच्याचे गृहीतक होते. खनिजाचा हक्क पट्टेधारकाचा आणि राज्याचा असतो. गायरानावर ढीग पडला म्हणून खनिज गायरानाचे होत नाही. पण ढिगासंबंधी विचारण्याचा हक्क गावाला आहे, आणि विचारायला आधारही आहे. खनिज संवर्धन व विकासाचे २०१७ चे नियम सांगतात की मलबा, टाकाऊ दगड आणि कमी प्रतीचे खनिज एकमेकांत न मिसळता वेगवेगळे रचून ठेवले पाहिजे. म्हणजे कोणत्या ढिगात काय रचले आहे याची नोंद असणे अपेक्षित आहे. जुन्या काळच्या ढिगाची नोंद नसेल तर ती करून मागता येते, आणि त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही: भारतीय खाण ब्यूरोचे मुख्यालय नागपुरात आहे, हिंगण्याला त्यांची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा आहे, राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाचे मुख्य कार्यालयही नागपुरातच आहे.

अर्ज आम्ही पुन्हा लिहिला. विषयातून 'कार्बन शोषण' हे शब्द गेले, त्यावर भाच्याने थोडी कुरकुर केली, कारण सह्या त्याच शब्दांना जास्त मिळाल्या असत्या. 'दुहेरी उत्पन्न' गेले. आता अर्जात चार मागण्या उरल्या आहेत: ढिगाचे निदान वीस ठिकाणांहून, वरून आणि खोलातून नमुने घेतले जावेत, त्यांत एकूण मॅंगनीज, त्यापैकी ऑक्साइडच्या रूपातले मॅंगनीज, लोह, चुना, सिलिका आणि जड धातू वेगवेगळे मोजले जावेत, अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा, आणि तोपर्यंत ढिगातला माल रस्त्यासाठी किंवा भरणीसाठी कोणी उचलू नये. शेवटच्या मागणीवर ग्रामसभेत वाद होणार हे मला दिसते आहे, कारण पावसाळ्यापूर्वी पांदणीला मुरूम लागतोच आणि ढीग हाकेच्या अंतरावर आहे. नऊ दगडांची वही भाचा सोबत नेणार आहे आणि बाटलीत अर्धे पेरॉक्साइड शिल्लक आहे. कोणी विचारलेच तर दोन थेंब सभेतच टाकून दाखवू, असे त्याने ठरवले आहे.